शब्द कुणाचे, चाल कुणाची आणि मोठेपण कुणाचं?

जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले हा ब्रिटिश रॉक बँड नवी मुंबईत वाजवून गेला. तिकिटांच्या मारामारीच्या बातम्या पार गावाकडे पोचल्या आणि त्यांच्या मागोमाग एक जुना वादही वर आला. रॉकवाला मोठा कधी म्हणायचा? ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’मध्ये गिटारवाला जिमी हेंड्रिक्स भारी वाजवतो, पण ते गाणं तर बॉब डिलनचं. एल्विस प्रेस्लीला रॉकचा राजा म्हणतात, पण त्यानं लिहिलंय काय? स्वतःची गाणी नसतील तर तो नुसता गाणारा, कलाकार कसला?

असा वाद घालणारं पोरगं सुट्टीत गावी जातं आणि रात्री सप्त्याला बसतं. कीर्तनकार तुकोबांचा एक अभंग घेतात, दोन तास निरूपण करतात, पखवाजवाला हात दाखवतो, मंडप डोलतो. ‘महाराज, तुमचा स्वतःचा अभंग कुठाय?’ असं तिथं कुणी विचारत नाही. विचारलंच, तर टाळकरी हसतील. मग रॉकलाच ही अट कामून?

एका गाण्यात कामं किती?

‘तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल’ घ्या. शब्द संत नामदेवांचे, म्हणजे आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीचे. चाल राम फाटकांची. आवाज पंडित भीमसेन जोशींचा. शब्द आणि चाल यांच्यात सहा शतकांहून जास्त अंतर आहे. तिघांपैकी कुणीही दुसऱ्याचं काम केलेलं नाही, तरी तिघांचंही मोठेपण कुणी नाकारत नाही.

म्हणजे शब्द, चाल आणि गाणं-वाजवणं ही कामं मुळात वेगळी. इंग्रजीत ज्याला ‘साँगरायटर’ म्हणतात तो पहिली दोन किंवा त्यांतलं एक काम करणारा. त्याला या लेखात ‘रचनाकार’ म्हणू. रॉकमध्ये चौथंही एक काम असतं, मांडणी. कोणतं वाद्य कुठं शिरेल, लय किती, मध्ये कोण वाजवणार, कुठं सगळे थांबणार, हे ठरवणं म्हणजे मांडणी. गाणं ज्या छोट्या, फिरून फिरून येणाऱ्या सुरावटीवर उभं असतं, ती ‘रिफ’. आणि दुसऱ्याचं गाणं आपण पुन्हा केलं की ते ‘कव्हर’. एवढे चार शब्द पुरेत.

येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्यांच्या पिठाची, आमटी आठवा. डबा एकच, येसर तेच, तरी आजीची आमटी वेगळी आणि मावशीची वेगळी. येसर ही रचना. फोडणी किती तापली, पाणी कधी घातलं, किती उकळली, ही मांडणी आणि वादन. रॉकमध्ये चवीचा मोठा वाटा फोडणीतून येतो, पण नाव मात्र डब्यावर असतं. घोळ तिथून सुरू होतो.

ही अट आली कुठून?

ती रॉकच्या जन्मापासूनची नाही. १९५० च्या दशकात गाणी लिहिणारे वेगळे आणि गाणारे वेगळे, अशीच रीत होती. न्यूयॉर्कच्या ब्रिल बिल्डिंगमध्ये आणि तिच्या आसपासच्या कचेऱ्यांत पियानो ठेवलेल्या छोट्या खोल्या असत. तिथं बसून लोक नोकरीसारखी गाणी रचत आणि कंपन्या ती गायकांना वाटून देत. एल्विसचं १९५४ चं पहिलं रेकॉर्ड आर्थर क्रूडप या ब्लूज गायकाच्या गाण्याचं होतं. १९५६ चं ‘हाउंड डॉग’ लीबर आणि स्टोलर या जोडीनं लिहिलेलं, आणि तेही आधी बिग मामा थॉर्नटन या गायिकेनं गायलेलं.

चित्र बदललं ते बीटल्समुळे. मार्च १९६३ मध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी होती, त्यांतली ८ बँडमधल्याच लेनन-मॅकार्टनी या जोडीची स्वतःची. उरलेली ६ दुसऱ्यांची, हे आज बऱ्याच जणांना ठाऊकही नसतं. रोलिंग स्टोन्सच्या १९६४ च्या पहिल्या अल्बममध्ये तर जवळपास सगळं उसनंच होतं. मॅनेजर अँड्र्यू ओल्डहॅमनं बँडमधल्या जॅगर आणि रिचर्ड्सच्या मागे लागून त्यांना लिहायला लावलं, आणि १९६६ च्या ‘आफ्टरमाथ’पर्यंत अख्खा अल्बम या दोघांचा झाला. त्याच काळात स्वतःची गाणी स्वतः लिहून गाणारा डिलन आला. गाणं म्हणजे गाणाऱ्याचं स्वतःचं म्हणणं, हा समज तेव्हापासून पक्का झाला. चार-पाच वर्षांत पडलेली रीत लोकांना नियम वाटू लागली.

खरं कारण गल्ल्यात

ओल्डहॅम मागे का लागला? कलेच्या ओढीनं लागला असेलही, पण हिशेबही होता. अमेरिकेत १९०९ च्या कायद्यानं रचनाकाराला दर प्रतीमागे, दर गाण्यामागे २ सेंट ठरवून दिले होते आणि हा दर १९७७ पर्यंत तोच राहिला. रक्कम छोटी, पण दहा लाख प्रती खपल्या की २० हजार डॉलर होतात. रेडिओवर गाणं लागलं की रचनाकाराला मानधन मिळतं. अमेरिकेतल्या साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला मात्र आजही काही मिळत नाही.

गंमत पाहा. १९७५ मध्ये क्वीन या बँडचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ आलं. तबकडीच्या एका बाजूला गायक फ्रेडी मर्क्युरीची ही रचना आणि मागच्या बाजूला ड्रमर रॉजर टेलरचं मोटारीवरचं गाणं. लोकांनी तबकडी घेतली ती पहिल्या बाजूसाठी, पण तबकडी एकच असल्यानं दोन्ही रचनाकारांना प्रतीमागे सारखेच पैसे मिळाले. यावरून बँडमध्ये कुरबूर झाली नसती तरच नवल. पुढे १९८९ पासून त्यांनी सगळी गाणी चौघांच्या नावावर लावायला सुरुवात केली.

हे कळलं की आणखी एक गोष्ट उलगडते. नाव छापलं आहे म्हणजे त्यानं लिहिलंच आहे, असं नाही. एल्विसच्या काही गाण्यांवर सहरचनाकार म्हणून त्याचं नाव दिसतं. तो व्यवहार होता: राजानं गाणं गायलं तर खप प्रचंड, म्हणून लिहिणाऱ्यानं वाटा सोडायचा. १९७४ च्या सुमारास गायिका डॉली पार्टननं लिहिलेल्या ‘आय विल ऑल्वेज लव्ह यू’ या गाण्यासाठी एल्विसच्या मॅनेजरनं अर्धे प्रकाशन-हक्क, म्हणजे रचनेच्या कमाईतला अर्धा वाटा, मागितला. तिनं गाणंच दिलं नाही. पुढे १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टननं ते गायलं, ते तुफान चाललं आणि तो अर्धा वाटा न सोडण्याचं मोल सगळ्यांना कळलं.

मग रिफ वाजवणारा कोण?

‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’ हे १९६७ चं गाणं. ते आठवायला सांगितलं तर निम्मे लोक शब्द म्हणणार नाहीत, सुरुवातीचा ऑर्गन गुणगुणतील. तो ऑर्गन मॅथ्यू फिशरचा, पण रचनाकार म्हणून त्याचं नाव नव्हतं. तो कोर्टात गेला आणि २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, संगीतातला ४० टक्के वाटा त्याचा, यावर शिक्का मारला. गाणं येऊन बेचाळीस वर्षं झाली होती. मागच्या वर्षांचे पैसेही मिळाले नाहीत, २००५ पासूनचेच मिळाले.

पिंक फ्लॉइड या बँडच्या १९७३ च्या अल्बममध्ये गायिका क्लेअर टोरी एक शब्दही न उच्चारता नुसत्या आलापीवर अख्खं गाणं तोलते. तिला त्या दिवसाचे ३० पौंड मिळाले होते. २००५ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली आणि तिचं नाव सहरचनाकार म्हणून लागलं. ड्रमर ग्रेगरी कोलमनचं नशीब तेवढंही नव्हतं. १९६९ मध्ये त्यानं वाजवलेला सहा-सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा पुढे हजारो गाण्यांत कापून वापरला गेला, आणि त्याला त्याचा एक पैसा मिळाला नाही.

यांनी लिहिलं नाही असं म्हणणं म्हणजे शब्दांचा खेळ आहे. कायदा शब्द आणि मुख्य सुरावट ओळखतो. ठेका, वाद्याचा नाद, मांडणी यांच्याकडे तो सहसा कानाडोळा करतो. कोल्डप्लेनं यावर साधा तोडगा काढला: गाणं कुणाच्याही डोक्यातून निघो, रचनाकार म्हणून नावं चौघांची. यू-टू आणि आरईएम हे बँडही याच वाटेनं गेले.

‘असं असेल तर ऑर्केस्ट्रातला गायक आणि हेंड्रिक्स यांत फरक काय?’

आक्षेप रास्त आहे. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात किशोरकुमार हुबेहूब उतरवणाऱ्याला कुणी किशोरकुमार म्हणत नाही. फरक काय, ते दोन कव्हर उघडून पाहू.

डिलनचं ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ १९६७ च्या शेवटी आलं. साधी गिटार, बेस, ड्रम, माउथ ऑर्गन. तीन कडवी, तीनच कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर), अडीच मिनिटांत खेळ खलास. हेंड्रिक्सनं १९६८ मध्ये तेच शब्द आणि तेच कॉर्ड ठेवून चार मिनिटांचं वादळ उठवलं. कडव्यांमधल्या जागा डिलननं माउथ ऑर्गननं भरल्या होत्या, हेंड्रिक्सनं त्या गिटारला दिल्या. मधला मोठा सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा भाग, त्यानं तुकड्यांत बांधला: आधी सरळ गिटार, मग तारेवरून घसरणारी स्लाइड, मग आवाजाला तोंड फुटल्यासारखं करणारं वाह-वाह पेडल, शेवटी कॉर्डचे फटके. परिणाम असा की पुढे डिलन स्वतःच मंचावर हे गाणं हेंड्रिक्सच्या वळणानं वाजवू लागला.

गायक जो कॉकरनं तर याहून साधी आणि धाडसी गोष्ट केली. बीटल्सचं ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’ हे ड्रमर रिंगोला झेपावं म्हणून मोजक्या सुरांत बांधलेलं, चार मात्रांत टुणटुण चालणारं गाणं. कॉकरनं लय उतरवली आणि ठेका सहाचा केला. आपल्या भाषेत, केरव्याचा दादरा केला. पावणेतीन मिनिटांचं गाणं पाच मिनिटांच्या पुढे गेलं, मागे गाणाऱ्या बायकांचा कोरस आला आणि मित्रांच्या टवाळीचं गाणं विनवणी झालं. शब्द फारसे बदलले नाहीत.

कसोटी इथंच सापडते. तुमचं कव्हर ऐकल्यावर पुढचा गाणारा मूळ गाण्याकडे जातो की तुमच्याकडे येतो? तुमच्याकडे येत असेल तर तुम्ही गाण्यात भर घातली. ऑर्केस्ट्रावाला उत्तम नक्कल करतो, त्यातही कसब लागतंच, पण त्याच्यानंतर गाणं होतं तिथंच राहतं.

‘पण दुसऱ्याच्या शब्दांत स्वतःची कळ कशी येणार?’

हा प्रश्न मराठवाड्यात विचारायचा म्हणजे जरा धाडसच. जनाबाईंच्या ओव्या जात्यावर म्हणणाऱ्या किती बायांनी त्या स्वतः रचल्या होत्या? शास्त्रीय गाण्यात बंदिश बहुधा गुरूकडून आलेली असते, मोजमाप होतं ते बढतीचं, म्हणजे राग फुलवण्याचं. धाराशिवला जन्मलेले पंडित सी. आर. व्यास ‘गुणीजान’ नावानं बंदिशी रचत. भीमसेनजींनी मैफली गाजवल्या त्या मुख्यतः परंपरेच्या बंदिशींवर. बंदिशी रचल्या म्हणून व्यास वरचढ, असा हिशेब कुणी मांडत नाही.

‘मोठी नावं तर सगळी लिहिणारीच आहेत!’

बरीच आहेत, सगळी नाहीत. चार्ली वॉट्स १९६३ पासून २०२१ मध्ये मरेपर्यंत रोलिंग स्टोन्सचा ड्रमर होता, आणि त्याच्याशिवाय तो बँड कुणाच्या कानात बसत नाही. ‘द हू’ या बँडची बहुतेक गाणी टाउनशेंडची, आवाज डॉल्ट्रीचा. गायिका लिंडा रॉन्स्टाटनं जवळपास सगळी दुसऱ्यांची गाणी गायली आणि २०१४ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव लागलं. जेफ बेकनं गिटार कुठवर नेता येते ते दाखवलं, पण त्याच्या लिहिलेल्या गाण्यांवर कुणी त्याला ओळखत नाही.

यादीत लिहिणारे जास्त दिसतात, कारण त्यांच्याकडे पैसा टिकतो आणि पैसा टिकला की बँड टिकतो. शिवाय स्वतःच्या गळ्याच्या मापानं गाणं शिवता येतं. न लिहिणाऱ्याला तयार कपड्यांतून निवडावं लागतं, आणि निवड चुकली की अल्बम बसला. निवडीची ही नजर फार कमी लेखली जाते. आमच्या मते न लिहिणाऱ्या थोरांचं निम्मं थोरपण तिच्यात आहे. एल्विसच्या उतरणीच्या काळात आवाज शाबूत होता, सिनेमांसाठी दिलेली गाणी पडेल होती.

उलट बाजूची फजिती आपल्याकडे जास्त दिसते. ‘ओरिजिनल पाहिजे’ या हट्टापायी कच्चं गाणं मंचावर येतं आणि चांगला गिटारवाला त्याखाली दबतो. ४५ मिनिटांच्या कार्यक्रमात साधारण दहा गाणी बसतात. नव्या बँडनं त्यांत दोन-तीन स्वतःची ठेवावीत, तीही तिसऱ्या-चौथ्या क्रमांकापासून. सुरुवातीला आणि शेवटी लोकांच्या ओठांवरचं गाणं हवं.

शब्द सुचत नाहीत? नामदेव आहेत की

भारतात रचनाकाराचा हक्क हयातभर आणि मृत्यूनंतरची ६० वर्षं चालतो. १९६५ मध्ये वारलेल्या कवीच्या कविता २०२५ संपल्यावर मोकळ्या झाल्या. संतांच्या शब्दांवर तर कुणाचाच हक्क नाही. पण राम फाटकांची चाल उचलली तर ती त्यांची रचना. शब्द नामदेवांचे, जनाबाईंचे किंवा पैठणच्या नाथांचे घ्या आणि चाल स्वतः बांधा. त्या संगीताचे रचनाकार तुम्ही. नाथांची भारुडं तर नाट्यासकट तयार मिळतात.

मोठा अभंग रॉकमध्ये बसतोही छान. ‘सुंदर ते ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनिया’ यात अक्षरं ६, ६, ६ आणि ४. चार ठोक्यांच्या एका आवर्तनात अर्ध्या अर्ध्या ठोक्याची आठ घरं असतात. एका चरणाला एक आवर्तन द्या. सहा अक्षरं सहा घरांत, उरलेली दोन घरं श्वासाला. चौथ्या चरणात मात्र चारच अक्षरं, म्हणजे निम्मं आवर्तन रिकामं. ती रिफची जागा. मिनिटाला १०० ठोक्यांच्या लयीत एक ओळ साडेनऊ सेकंदांत संपते आणि चार ओळींचा अभंग पाऊण मिनिटाच्या आत आटोपतो. म्हणून भजनी मंडळासारखं ध्रुवपद दर ओळीनंतर परत आणायचं, ओळ दोनदा म्हणायची, मध्ये एक सोलो. साडेतीन मिनिटं सहज भरतात.

बिघडतं कुठं? एक, गिटारवर डिस्टॉर्शन (आवाज फाटल्यासारखा करणारा परिणाम) लावून पूर्ण कॉर्ड वाजवले की नुसता गोंगाट होतो. फक्त सा आणि प वाजवा, ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात. त्यात गंधार नसल्यानं चालीतला ग कोमल असो की शुद्ध, खटकत नाही. दोन, पखवाजाची कणीक लावलेली डावी बाजू आणि ड्रमचा पायाचा ठोका दोन्ही खर्जातले. एकत्र आले की एकमेकांना गिळतात. पायाचा ठोका समेवर आणि तिसऱ्या मात्रेवर ठेवा, बाकी जागा पखवाजाची. तीन, पट्टीचा गोंधळ. गायक ‘काळी एक’ सांगतो, गिटारवाल्याला तो सी शार्प. चौथ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून ए कॉर्डच्या आकारात वाजवलं की जुळतं. चार, ऱ्हस्व-दीर्घ. ‘विटेवरी’तला ‘वि’ जोरकस ठोक्यावर ताणला की त्याचा ‘वी’ होतो, आणि गावातली म्हातारी माणसं पहिल्या ओळीतच तोंड फिरवतात.

परवानगी कुठं लागते, कुठं नाही

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये विद्यार्थी-शिक्षकांनीच कार्यक्रम केला आणि ऐकणारे विद्यार्थी, शिक्षक, पालक एवढेच असले, तर दुसऱ्याचं गाणं गायला परवानगी लागत नाही. लग्न आणि वरातीलाही कायद्यात सूट आहे. तिकीट लावलेल्या कार्यक्रमाला मात्र आयोजकानं शब्द-संगीताचा परवाना घ्यायचा. भारतात ते काम आयपीआरएस ही १९६९ पासूनची संस्था बघते.

कव्हर रेकॉर्ड करून विकायचं असेल, तर मूळ रेकॉर्डिंगचं वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं जावी लागतात. मग मालकाला नोटीस, आगाऊ रॉयल्टी, आणि दरवर्षी किमान ५०,००० प्रतींचा हिशेब. शिवाय या वाटेनं गेलात तर मालकाच्या संमतीशिवाय गाण्यात गरजेपलीकडचे बदल करता येत नाहीत. थोडक्यात, केरव्याचा दादरा करायचा तर मालकाला विचारूनच. यूट्यूबवरच्या व्हिडिओला ही तरतूद लागू नाही. तिथं यंत्रणा चाल ओळखते आणि बहुधा जाहिरातीचे पैसे मालकाकडे वळवते, किंवा व्हिडिओच बंद करते. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून देता येत नाही असं ठरलं, म्हणून सही करताना ‘सगळे हक्क’ हे शब्द वाचून घाबरू नका, पण कागद वाचा.

आणि स्वतःचं गाणं झालं त्याच दिवशी, चहा प्यायच्या आधी, वहीच्या एका पानावर पाच गोष्टी लिहा: गाण्याचं नाव, तारीख, शब्द कुणाचे, चाल कुणाची, रिफ आणि ठेका कुणाचा. प्रत्येकापुढे टक्के, बेरीज १००. खाली सगळ्यांच्या सह्या. फोटो काढून ग्रुपवर टाका आणि मूळ पान ड्रमरकडे ठेवायला द्या, कारण नाव राहून जातं ते त्याचंच.